जुन्या गाडीचं बाहेरचं डोअर हँडल बदलताय? आधी लॉक बघा, आणि टेस्ट झाल्याशिवाय दार लावू नका

पारोळ्याला माझ्या मामांची जुनी अल्टो आहे, एमएच १९ पासिंग, काचा हाताने फिरवायच्या, सेंट्रल लॉक नंतर बाहेरून बसवलेलं. तिच्या ड्रायव्हर साइडला एका वर्षात दोन हँडल बसली आणि तिसरं आणायला निघाले तेव्हा मी म्हटलं मामा थांबा, हँडल नंतर आणू, आधी आतलं लॉक बघू. दाराचं आतलं कव्हर, म्हणजे पॅड, उघडलं तर लॉकमध्ये काळ्या मातीचा आणि सुकलेल्या ग्रीसचा घट्ट लगदा बसलेला. हँडलला लॉकशी जोडणारा रॉड हाताने ओढून बघितला तर बोट दुखेपर्यंत जोर लावावा लागत होता. एवढा जोर रोज त्या प्लास्टिकच्या हँडलवर येत होता, मग ते तुटणारच.

आपल्याकडे हँडल बदलणारे बहुतेक जण इथेच चुकतात. तुटलेलं काढतात, नवं लावतात, आणि ते का तुटलं ते बघायचं राहून जातं. दुसरी चूक त्याहून महागात पडते ती म्हणजे सगळं फिट केल्यावर चेक न करता दार धाडकन लावून टाकणं. या दोन चुका टळल्या तर बाकी काम कोणीही घरी करू शकतं, पहिल्यांदा करणाऱ्याने अर्धा दिवस हातात ठेवावा.

हा लेख वर उचलायच्या फ्लॅपवाल्या हँडलसाठी आहे, म्हणजे मारुती ८००, जुनी अल्टो आणि त्या काळातल्या तशाच साध्या गाड्या. पुढे ओढायचं हँडल असलं तरी आतली पद्धत बरीचशी तीच, फक्त ते काढायची रीत थोडी वेगळी असते. दारात एअरबॅग असलेली नवी गाडी असेल तर मात्र हे घरी करू नका.

टप्पा १ : तुटलंय नेमकं काय ते आधी शोधा

बाजारात जायच्या आधी दारापाशी पाच मिनिटं उभं राहा आणि हे करून बघा.

बाहेरून उघडत नाही पण आतल्या हँडलने मस्त उघडतं, म्हणजे लॉक बहुतेक जिवंत आहे, दोष बाहेरच्या हँडलचा नाहीतर त्याला जोडलेल्या रॉडचा.

बाहेरचं हँडल एकदम सैल, उचललं की खालीच लटकतं किंवा हवेत हलल्यासारखं वाटतं. अशा वेळी एकतर हँडलची मागची शेपटी, म्हणजे जिच्यात रॉड अडकतो ती, तुटली असते, नाहीतर रॉडची छोटी प्लास्टिक क्लिप निघून पडली असते. क्लिप पडली असेल तर हँडल बदलायची गरजच नाही. कित्येक चांगली हँडल या एका क्लिपपायी भंगारात गेलीत.

बाहेरून पण जड आणि आतून पण जड, तर दोष लॉकमध्ये.

मागचं दार बाहेरून उघडतं पण आतून उघडत नाही, तर दाराच्या कडेला चाइल्ड लॉकची छोटी खिट्टी असते ती आधी बघा. लहान पोरं खेळता खेळता ती फिरवून ठेवतात आणि माणूस पॅड खोलून बसतो.

सेंट्रल लॉक बाहेरून बसवलं असेल तर आणखी एक चेक. त्याच्या मोटरचा रॉड लॉकच्या रॉडला स्क्रूने पकडलेला असतो, तो वाकला किंवा सरकला की लॉक अर्धवट उघडतं आणि माणसाला वाटतं हँडल गेलं.

दार आतून बाहेरून दोन्हीकडून बंदच पडलं असेल तर काचेच्या फटीतून लोखंडी पट्टी घालून ओढाताण करू नका. आत काचेचं मशीन असतं, वायरी असतात, एक हिसका बसला की काच पण जाते. असं दार उघडायचं काम सरळ मेकॅनिकला द्या, दार उघडून घ्या, मग पुढचं स्वतः करा.

टप्पा २ : सामान आणताना

दुकानात नुसतं "अल्टोचं हँडल द्या" म्हटलं की चुकीचं हँडल पदरात पडतं. चार गोष्टी सांगायच्याच. कोणती गाडी आणि कोणत्या सालची, पुढचं दार का मागचं, ड्रायव्हर साइड का क्लीनर साइड (म्हणजे डावी बाजू), आणि चावीचं कुलूप हँडलमध्येच आहे का पत्र्यात वेगळं बसवलेलं आहे. सगळ्यात बरं म्हणजे जुन्या हँडलचा बाहेरून फोटो काढून न्यायचा. डावं-उजवं हे नेहमी ड्रायव्हरच्या सीटवर बसून समोर बघताना धरतात, गाडीसमोर उभं राहून धरलं की उलटं होतं, आणि डाव्या बाजूचं हँडल उजवीकडे बसतच नाही, बोल्ट आणि शेपटी दोन्ही उलट्या बाजूला येतात.

नवं हँडल हातात घेतल्यावर दुकानातच उघडून बघा. फ्लॅप उचलून सोडला की स्प्रिंगने स्वतःहून टक्कन परत बसला पाहिजे. मागची शेपटी जाड आणि सरळ पाहिजे, कडेला साच्याचे कंगोरे राहिलेले नकोत. बोल्ट प्लास्टिकमध्ये पक्के बसलेत का ते बोटाने फिरवून बघा, तिथेच फिरत असतील तर ते हँडल नकोच, कारण उद्या नट कसताना आतला बोल्ट फिरत राहील आणि नट ना पुढे जाईल ना मागे. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं तरी तिचं हँडल लोकल बनावटीचं सगळीकडे मिळतं, पण लोकल मालात हा बोल्टचा आणि शेपटीचा फरक फार असतो म्हणून थोडे पैसे जास्त गेले तरी चांगलं घ्या.

हँडलमध्येच कुलूप असेल तर नव्याची चावी वेगळी येईल. जुन्याचं सिलिंडर, म्हणजे ज्यात चावी फिरते तो भाग, काढून नव्यात बसवता येतं, बहुतेक मागे एक लॉक-पत्ती असते तेवढी काढायची, पण तुमच्या हँडलचं तसं निघतं का ते आधी दुकानदाराला दाखवून विचारा, नाहीतर एका गाडीला दोन चाव्या सांभाळत बसाल.

हँडलसोबत या तीन वस्तू आणायच्याच:
- रॉडच्या प्लास्टिक क्लिपा, तीन-चार जादा
- डोअर पॅडची बटणं, सहा-आठ
- हँडल आणि पत्रा यांच्यामधलं रबर, नव्यासोबत आलं नसेल तर

पॅडची बटणं जुनी झाली की काढताना हमखास दोन-तीन तुटतात. सामान हाताशी नसलं की माणूस पॅड तसंच अर्धवट दाबून ठेवतो आणि मग वर्षभर खडखड ऐकतो.

टप्पा ३ : हत्यारं आणि जागा

फुलीचा आणि चपटा पेचकस, आठ आणि दहा नंबरची गोटी (सॉकेट पाना) आणि लांब एक्स्टेन्शन, नाकाची पक्कड, दोऱ्याला बांधलेलं लोहचुंबक, टॉर्च, जुनं सुती फडकं, मास्किंग टेप, गंज सोडवायचा स्प्रे आणि पांढरं ग्रीस. स्क्रू ठेवायला एक स्टीलची वाटी. हातमोजे घ्याच, कारण दाराच्या आतल्या पत्र्याला जी भोकं असतात त्यांच्या कडा ब्लेडसारख्या असतात, मनगट आत गेलं की कळत पण नाही आणि बाहेर काढलं की रक्त.

जागा सावलीची. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा दुपारी दाराच्या पत्र्याला हात लावणं शक्य नाही, म्हणून सकाळी सातला सुरू करा. थंडीत उलट, डिसेंबरच्या सकाळी जुनं प्लास्टिक कडक असतं आणि बटणं काडीसारखी मोडतात, तेव्हा गाडी तासभर उन्हात तापू द्या आणि मग पॅडला हात लावा.

गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक लावून. चावी खिशात. सेंट्रल लॉक असलेल्या गाडीत चावी आत राहिली आणि तुम्ही लॉकचे रॉड हलवताय, कधी कुठलं दार लॉक होईल सांगता येत नाही. दुसऱ्या बाजूचं एक दार काम संपेपर्यंत उघडं ठेवा. पॉवर विंडो किंवा सेंट्रल लॉक असेल तर बॅटरीची मायनस वायर काढून ठेवा, पण त्याआधी काच पूर्ण वर घ्या. काच वर असली तरच आत हात घालायला जागा मिळते, खाली असली तर ती बरोबर हँडलच्या नटांसमोर येऊन उभी राहते.

टप्पा ४ : डोअर पॅड काढणं

क्रम पाळा. आधी जे काही स्क्रूने धरलंय ते, मग बटणं, शेवटी पॅड वर उचलणं.

आतल्या हँडलच्या वाटीतला स्क्रू काढा. आतून दार ओढायच्या मुठीचे स्क्रू काढा, त्यावर कधीकधी प्लास्टिकची टिकली असते, ती नखाने उचलली की स्क्रू दिसतो. लॉकची वर उभी असलेली खुंटी बऱ्याच गाड्यांत फिरवून निघते. आरशाच्या कोपऱ्यातला तिकोनी तुकडा पॅडवर चढलेला असेल तर तो पण काढा.

आता काच फिरवायचं हँडल. यात लोक सगळ्यात जास्त अडकतात कारण वरून एकही स्क्रू दिसत नाही. हँडल आणि पॅड यांच्यामध्ये एक गोल चकती असते आणि हँडल व त्या चकतीच्या मध्ये घोड्याच्या नालेसारखी तारेची स्प्रिंग. सुती फडक्याची लांब पट्टी करा, हँडल आणि चकती यांच्यामधल्या फटीत घाला, दोन्ही टोकं धरून बूट पॉलिश करतात तशी उजवीकडे-डावीकडे घासा. फडक्याचा धागा स्प्रिंगच्या टोकात अडकतो आणि स्प्रिंग बाहेर उडते. खरंच उडते, म्हणून दुसऱ्या माणसाला हात आडवा धरायला सांगा नाहीतर खाली जुनी चादर अंथरून ठेवा, अंगणातल्या मातीत गेली की ती सापडत नाही. काढायच्या आधी काच पूर्ण वर असताना हँडल कोणत्या दिशेला होतं त्याचा फोटो घ्या.

मग पॅडच्या खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात. चपट्या पेचकसला टेप गुंडाळा, बटणाच्या अगदी जवळ घाला आणि हळू उचला. दोन बटणांच्या मध्ये उचललं की पॅडचा पुठ्ठा फाटतो, जुन्या गाड्यांत तो पाण्याने फुगून आधीच पापडासारखा झालेला असतो. सगळी बटणं सुटली की पॅड तुमच्याकडे ओढू नका, वर उचला, कारण वरची कड काचेच्या फटीत अडकलेली असते. पॅडमध्ये स्पीकर असेल तर वायर सोडा आणि मगच पॅड बाजूला ठेवा.

> चेक : पॅड जोर लावूनही निघत नाहीये म्हणजे एक स्क्रू राहिलाय. जोर वाढवू नका, स्क्रू शोधा.

टप्पा ५ : पन्नी

पॅडच्या मागे एक प्लास्टिकची पन्नी काळ्या चिकट गोंदाने लावलेली असते. बरेच मेकॅनिक ती टराटरा फाडून फेकून देतात आणि गाडीमालकाला पण वाटतं की काय कामाची होती. ती कामाची आहे. पावसाचं पाणी काचेवरून ओघळत दाराच्या आत जातंच, ते तसंच बनवलेलं असतं, आतून खाली उतरून तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. ते पाणी पॅडवर आणि तिथून पायाखालच्या मॅटवर येऊ नये म्हणून ही पन्नी. फक्त मागचा वरचा कोपरा लागेल तेवढाच उघडा, कडेने ब्लेड किंवा चाकू घालून गोंद कापत कापत, आणि उघडलेली बाजू टेपने बाजूला चिकटवून ठेवा. त्या गोंदाला धूळ लागू देऊ नका, बोट पण लावू नका, तो परत चिकटायला हवा आहे. गाडी आल्यापासून कोणी पन्नी काढूनच टाकली असेल तर जाड प्लास्टिक कापून नवी लावून घ्या, आत्ताच दार उघडं आहे.

तसेच दाराच्या तळाची भोकं बघा. आपल्या काळ्या मातीची धूळ वर्षानुवर्षं आत साठते आणि जूनच्या पहिल्या पावसात तिचा चिखल होऊन भोकं बुजतात, मग दार खालून सडतं. एक तार घालून मोकळी करा.

टप्पा ६ : काही सोडायच्या आधी बघा

इथे घाई करायची नाही. टॉर्च लावा, दुसऱ्या कोणाला तरी बाहेरून हँडल उचलायला सांगा, आणि आत कुठला रॉड हलतोय ते डोळ्याने बघा. आत तीन-चार रॉड असतात. एक बाहेरच्या हँडलचा, एक आतल्या हँडलचा, एक वरच्या खुंटीचा, आणि पुढच्या दाराला एक चावीच्या कुलपाचा. मामांकडे मी असाच आत डोकं घालून बसलो होतो तर शेजारचे बाबा ओट्यावरून विचारताहेत, "काय व्हयनं रे भो, अजून सापडनं नही का?" पण ही दहा मिनिटं बघण्यात गेली ती वाया गेली नाहीत. फोटो काढा, दोन-तीन बाजूंनी.

आता रॉड सोडायचा. रॉडच्या टोकाला जी प्लास्टिक क्लिप असते तिला एक छोटा हात असतो जो रॉडला मिठी मारून बसलेला असतो. तो हात पेचकसच्या टोकाने रॉडवरून उचलायचा आणि बाजूला फिरवायचा, मग रॉड आडवा सरकवून भोकातून बाहेर काढायचा. सरळ ओढला की क्लिप फुटते, नाहीतर रॉड वाकतो, आणि वाकलेला रॉड म्हणजे लांबी बदलली, म्हणजे पुढचं सगळं अॅडजस्टमेंट चुकलं.

काही गाड्यांत रॉडच्या टोकाला आटे असतात आणि त्यावर क्लिप मागेपुढे सरकते. तसं असेल तर काढायच्या आधी जिथे होती तिथे मार्करने खूण करा.

टप्पा ७ : जुनं हँडल काढणं

हँडलभोवती बाहेरून मास्किंग टेप लावा म्हणजे रंगाला ओरखडा जात नाही. आत हँडलच्या मागे दोन नट असतात, आठ नाहीतर दहा नंबरचे. ते सोडायच्या आधी दाराच्या आत खाली एक फडकं कोंबून ठेवा. नट हातातून सुटला की टण्णकन दाराच्या तळाला जातो आणि मग चुंबकाने अर्धा तास मासेमारी. फडकं असलं की तिथेच अडकतो.

नट गंजलेला असेल तर स्प्रे मारा आणि पंधरा मिनिटं दुसरं काही करा. गोटी पूर्ण सरळ बसली पाहिजे, तिरपी लागली की नटाचे कोपरे जातात, आणि त्या जागेत कोपरे गेलेला नट काढणं फार त्रासाचं आहे. मागच्या नटाच्या आडवी काचेची उभी पट्टी, म्हणजे जिच्यातून काच वर-खाली सरकते ती, येत असेल तर पट्टीचा खालचा बोल्ट सैल करा, पट्टी बोटभर सरकते.

दोन्ही नट निघाले की हँडल बाहेरून थोडं तिरपं करून शेपटी आधी भोकातून काढा. तुटलेले तुकडे आत राहिले असतील तर सगळे बाहेर काढा, एखादा तुकडा काचेच्या रस्त्यात आला तर काच अडकते. हँडलच्या मागचा पत्रा पुसा. रबर सडलेलं असतं तिथे गंज सुरू झालेला असतो, तो घासून त्यावर थोडा प्रायमर लावून वाळू द्या.

काढलेलं हँडल लगेच फेकू नका. शेपटी जिथे तुटली तिथे बघा. मोडलेली जागा पांढरी पडलेली असेल, बाजूचं प्लास्टिक ताणल्यासारखं दिसत असेल तर ते जोराने तुटलंय, म्हणजे पुढचा टप्पा तुमच्यासाठीच आहे.

टप्पा ८ : लॉक आणि खिटी

नवं हँडल अजून हातात घ्यायचं नाही.

दार उघडं असताना कडेला जे लॉक दिसतं त्याच्या तोंडातला आकडा, म्हणजे हुक, पेचकसने दाबून बंद करा. दोन वेळा टक-टक आवाज आला पाहिजे, पहिला अर्धा, दुसरा पूर्ण. आता आतून हँडलवाला रॉड दोन बोटांनी ओढा. आकडा झटक्यात सुटून मोकळा झाला तर लॉक चांगलं. दोन बोटांनी निघत नाही, किंवा सुटतो पण सावकाश, आळसावल्यासारखा, तर लॉक जाम आहे.

जाम लॉकमध्ये आधी गंज सोडवायचा स्प्रे भरपूर मारा, खाली फडकं धरा, काळं पाणी गळेल. पेचकसने बंद करा, रॉडने उघडा, असं वीस-तीस वेळा. परत स्प्रे, परत वीस वेळा. गळणारं पाणी स्वच्छ यायला लागलं की पुसून वाळू द्या आणि मग पांढरं ग्रीस थोडंसं, आकड्यावर आणि आत जिथे फिरतं तिथे. नुसता स्प्रे मारून सोडलं तर पंधरा दिवस छान चालतं आणि मग परत जड होतं, कारण त्याने घाण निघते पण वंगण फार टिकत नाही. इंजिन ऑइल ओतू नका, कापसाच्या आणि केळीच्या शिवारातून फिरणाऱ्या गाडीत त्यावर महिन्याभरात धुळीचा थर बसतो आणि जिथून सुरुवात केली तिथेच परत.

लॉक हलकं झालं तरी दार लावताना जोर लागत असेल तर दार खाली उतरलंय का बघा. दार अर्धं उघडून मागच्या टोकाला धरून वर उचला. खडखड हललं तर बिजागरीच्या पिना झिजल्यात. अशा वेळी लॉक खांबावरच्या खिटीला, म्हणजे आकडा जिला पकडतो त्या लोखंडी कडीला, बरोबर समोरून भेटत नाही, वर किंवा खाली घासतं, खिटीवर एका बाजूला चकचकीत घासलेली खूण दिसते. थोडासाच फरक असेल तर खिटीभोवती पेन्सिलने रेघ मारा, तिचे स्क्रू सैल करा, अगदी सैल नाही, ठोकून सरकेल इतकेच, आणि केसभर सरकवून परत कसा. रेघेमुळे किती सरकली ते कळतं आणि बिघडलं तर मूळ जागी आणता येतं. स्क्रू पूर्ण काढू नका, बऱ्याच गाड्यांत मागची नटाची पट्टी खांबाच्या आत पडते. बिजागरीच जास्त झिजली असेल तर खिटी सरकवून भागणार नाही, ते डेंटिंगवाल्याचं काम.

> चेक : रॉड दोन बोटांनी ओढला की आकडा लगेच सुटतो का? नसेल तर नवं हँडल बसवू नका. ते पण तुटेल.

टप्पा ९ : नवं हँडल बसवणं आणि रॉडची ढील

जुनं आणि नवं शेजारी ठेवून शेपटीची लांबी आणि भोकाची जागा जुळते का ते बघा. रबर हँडलवर बसवा, शेपटी आधी आत, मग हँडल जागेवर. दोन्ही नट हाताने फिरवून लावा, अजून कसायचे नाहीत. फ्लॅप उचलून सोडा, कडेला कुठे घासत नाही ना, पूर्ण परत बसतो ना, ते बघूनच कसा. कसतानाही बेताने. प्लास्टिकमध्ये बसलेला बोल्ट आहे तो, "टाइट एकदम" करायच्या नादात मागून चीर जाते आणि ती बाहेरून दिसतही नाही.

रॉडला नवी क्लिप लावा. जुनी चांगली दिसली तरी नवीच. रॉड भोकात घाला, क्लिपचा हात फिरवून रॉडवर दाबा, टक् असा आवाज आला पाहिजे. आवाज आला नाही तर बसली नाही.

आता ढील. हँडल खाली असताना, म्हणजे कोणी हात लावलेला नसताना, रॉड आणि तो लॉकची जी पत्ती हलवतो तिच्यामध्ये एक-दोन मिलिमीटर मोकळीक पाहिजे. रॉड बोटाने हलवला की किंचित हलतो, मग पत्तीला लागतो, एवढंच. ढील अजिबात नसेल, रॉड आधीच पत्तीला दाबून धरत असेल तर लॉक कायम थोडं उघडलेलं राहतं, दार लावलं की नीट पकडत नाही, आणि खड्ड्यात आदळल्यावर चालत्या गाडीचं दार उघडू शकतं. मागे पोरं बसलेली असतात, हे हलक्यात घेऊ नका. ढील जास्त असेल तर हँडल पूर्ण वर ओढूनही आकडा जेमतेम सुटतो, माणूस आणखी हिसका देतो, आणि शेपटीवर परत तोच जोर. आट्याचा रॉड असेल तर क्लिप फिरवून ढील जमवा. साधा रॉड असेल आणि तो वाकला नसेल तर आपोआप जमते, जमत नसेल तर हँडल दुसऱ्या मॉडेलचं आहे का ते तपासा, रॉड वाकवून जमवू नका.

टप्पा १० : दार उघडं ठेवूनच टेस्ट

फार वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा हँडल लावलं, पॅड लावलं, सगळे स्क्रू कसले आणि दार लावून टाकलं. बाहेरच्या रॉडची क्लिप पूर्ण बसली नव्हती आणि काम करताना आतल्या हँडलचा रॉड पण कोपराचा धक्का लागून निघाला होता. दार ना बाहेरून उघडेना ना आतून. बंद दारात पॅड काढायचं म्हणजे खालची बटणं उंबऱ्याच्या आड, सीट पुढून अडवते, शेवटी सीट काढावी लागली आणि पॅडचा एक कोपरा फाटला तो फाटलाच. सगळी दुपार त्यात गेली. त्या दिवसापासून मी पॅड लावायच्या आधी आणि दार उघडं असतानाच हे सगळं करतो.

१. पेचकसने आकडा बंद करा, दोन टक. बाहेरच्या हँडलने सोडा.
२. परत बंद, आतल्या हँडलने सोडा.
३. परत बंद, खुंटी दाबून लॉक करा. आता बाहेरचं हँडल ओढल्यावर आकडा सुटायला नको.
४. खुंटी उचला, बाहेरून सुटला पाहिजे.
५. चावीने लॉक आणि अनलॉक. सेंट्रल लॉक असेल तर बॅटरी जोडून तेही.

हे एकदा नाही, दहा वेळा. दहापैकी एकदा जरी अडकलं तरी परत आत बघा. बॅटरी काढली होती ती जोडून, किंवा काचेचं हँडल तात्पुरतं अडकवून, काच वर-खाली करून बघा की कुठला रॉड काचेला घासत नाही. सगळं बरोबर असेल तर काच खाली घ्या, आत एक माणूस बसवा, आणि दार पहिल्यांदा हलक्या हाताने लावा. बाहेरून उघडा, आतून उघडा. मग नेहमीसारखं लावून बघा.

> चेक : दार लावल्यावर ते मागच्या पत्र्याच्या रेषेत आहे का? थोडं बाहेर राहिलं असेल तर अर्ध्या टकवर थांबलंय, ढील परत तपासा.

टप्पा ११ : परत बांधणं

आत कोंबलेलं फडकं काढायला विसरू नका. पन्नी जशी होती तशी दाबून चिकटवा, गोंद सुकला असेल तर चांगली रुंद टेप लावा, खालची कड दाराच्या आत गेली पाहिजे, बाहेर लोंबली तर पाणी पॅडकडे येतं. खुंटीचा रॉड भोकातून वर आलाय का बघा, मग पॅडची वरची कड काचेच्या फटीत बसवा, वरून खाली दाबत या, प्रत्येक बटण भोकासमोर आहे ना हे बघून तळहाताने ठोका. तुटलेली बटणं आधीच नवी लावून घ्या. काच वर घेऊन काचेच्या हँडलची स्प्रिंग हँडलमध्ये आधी बसवा, फोटोतल्या दिशेला धरा, आणि सरळ दाबा, टक् करून बसेल. उलट्या दिशेला बसलं तर ते गुडघ्याला लागत राहतं.

सगळं झालं की काच पूर्ण वर घेऊन तिच्यावर बाहेरून एक तांब्या पाणी हळूहळू ओता. पाणी दाराच्या तळाच्या भोकांतून खाली टपकलं पाहिजे आणि आत पॅडच्या खालची कड कोरडी राहिली पाहिजे. आत ओल दिसली तर पन्नी कुठेतरी सुटलीय, आत्ताच परत उघडा, पावसाळ्यात मॅटखाली वास सुटल्यावर नको.

रबर दबतं म्हणून नट थोडे सैल होतात. आठ-दहा दिवसांनी हँडल पकडून हलवून बघा. हलत असेल तर पॅडचा मागचा कोपरा तेवढा उघडून दोन्ही नट पाव फेरा कसून घ्या. मामांच्या गाडीचं मी तसंच केलं, आणि राहिलेल्या तिन्ही दारांच्या लॉकमध्ये पण त्याच दिवशी ग्रीस भरलं, क्लीनर साइडचं तर ड्रायव्हर साइडपेक्षाही जड निघालं.